ताईचं इन्स्पेक्शन : ब्लूबेल रेल्वेवर तीन दिवस

आमचे वडील स्टेशन मास्तर. दौंड–मनमाड मार्ग एकेरी होता तेव्हा तिथल्या एका छोट्या स्टेशनवर त्यांनी सात वर्षं काढली. ताईचं आणि माझं शाळकरी वय त्या स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये गेलं. आता दुहेरीकरणात ती इमारतही गेली आणि क्वार्टरही. मी तीन वर्षांपूर्वी मुद्दाम जाऊन आलो, तर चिंचेचं झाड तेवढं उभं होतं. त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "मामा, तुला आणि आईला राजवाडे दाखवून माझी सुट्टी फुकट गेली, आता तुम्ही दोघं स्टेशनच बघून या," तेव्हा आम्ही दोघांनीही आढेवेढे घेतले नाहीत.

भाची क्रॉयडनला राहते. ताई तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आणि मी पंधरा दिवसांसाठी गेलो होतो. लंडनच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, ब्लूबेल रेल्वे नावाची अकरा मैलांची वाफेची लाइन आहे. तिच्यावरचं हॉर्स्टेड केन्स हे स्टेशन 1920च्या दशकात जसं दिसायचं तसं जपलंय. तेच बघायचं, जवळच्या गावात दोन रात्री राहायचं, असा बेत. तिकिटं, राहण्याची जागा, सगळं भाचीनं केलं. आम्ही फक्त दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली.

शुक्रवार

ईस्ट क्रॉयडनहून ईस्ट ग्रिन्स्टेडला नेहमीची विजेची गाडी जाते. तिथं उतरून चार पावलं चाललं की ब्लूबेलचा फलाट. म्हणजे एका फलाटावरून दुसऱ्यावर जाता जाता माणूस शंभर वर्षं मागं जातो. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, ऊन होतं, पण कानाला गार वारा झोंबत होता. ताईनं स्वेटरवर शाल आणि शालीवर रेनकोट असा जामानिमा केला होता.

गाडी लागलेलीच होती. इंजिनाजवळ गेल्यावर गरम तेलाचा, ओल्या कोळशाचा नि वाफेचा तो एकत्र वास आला आणि ताई बोलायचीच थांबली. हे फार क्वचित घडतं.

सुटल्या सुटल्या गाडी इम्बरहॉर्नच्या दहा कमानींच्या पुलावरून जाते. 1882 साली लाइन सुरू झाली तेव्हाचा हा पूल. ब्रिटिश रेल्वेनं तो 1992 साली ब्लूबेल चालवणाऱ्या मंडळींना नाममात्र एका पौंडाला देऊन टाकला. ऐकायला स्वस्त वाटतं, पण त्याच्यापुढचं खोल कटिंग, म्हणजे रुळांसाठी खणलेली खिंड, लाइन बंद असताना कौन्सिलनं गावाच्या कचऱ्यानं काठोकाठ भरून टाकलं होतं. तो कचरा उपसून, बराचसा रेल्वेच्याच वाघिणींतून बाहेर काढून, 2013च्या मार्चमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत गाडी परत आली. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना हिरवळ होती. कोणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

एक सूचना. आमच्या डब्याच्या दाराला आतून मूठ नव्हती. खिडकीची काच खाली सोडायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. शेजारचं एक तरुण जोडपं किंग्जकोटला उतरायचं म्हणून आतल्या बाजूला बटण शोधत बसलं होतं. ताईनं उठून दार उघडून दिलं.

किंग्जकोट 1950च्या दशकासारखं ठेवलंय. त्याच्या पुढं शार्पथॉर्नचा बोगदा, साडेसहाशे मीटरहून लांब. मी शहाणपणा करून खिडकी उघडी ठेवली. डबाभर धूर झाला, माझ्या डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि माझ्या वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ताईनं पदराच्या टोकानं तो काढला. "तेव्हाही ऐकायचा नाहीस," ती म्हणाली.

हॉर्स्टेड केन्सला उतरलो तेव्हा साडेचार झाले होते. पहिली गंमत म्हणजे पाच फलाट! आजूबाजूला गाव नाही, नुसती शेतं, कुंपणाच्या झुडपांच्या रांगा आणि मेंढ्या. त्यांच्या मधोमध एवढं ऐसपैस स्टेशन कशासाठी? तर हे जंक्शन होतं. आर्डिंग्लीवरून हेवर्ड्स हीथला जाणारा एक फाटा इथून फुटायचा. तो 1963मध्ये बंद झाला आणि जंक्शनाचा थाट तेवढा मागं राहिला.

गाव स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर आहे. गुगल म्हणतं चालत अर्धा तास. गुगल हे सांगत नाही की रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती आहेत आणि मोटारी वळणावरून एकदम अंगावर येतात. बॅगा घेऊन चालू नका, आधी टॅक्सी सांगून ठेवा. आम्ही सांगितली नव्हती. शेवटची गाडी गेल्यावर गणवेशातले एक गृहस्थ फलाटाचं फाटक लावत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं आणि आपली मोटार काढली. वाटेत त्यांनी सांगितलं की ते दातांचे डॉक्टर होते. आता निवृत्त, महिन्यातले सहा दिवस इथं तिकीट तपासतात. "पगार?" ताईनं थेट विचारलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. "चहा फुकट मिळतो," ते म्हणाले.

गावाचं नाव त्यांनीच आमच्या तोंडात बसवलं. मी दोन दिवस 'कीन्स' म्हणत होतो. ते केन्स आहे, अर्थशास्त्रज्ञ केन्ससारखं.

शनिवार

सकाळी पाऊस. आपल्यासारखा सणसणीत नाही, नुसती भुरभुर, पण थांबेल तर शपथ. घरमालकिणीनं स्टेशनवर सोडलं तेव्हा दहा वाजत होते.

आता ताईच्या कामाला सुरुवात झाली. रेल्वेत वाढलेल्या पोरांना इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साहेबांचा सलून, म्हणजे त्यांचा खास डबा, येणार म्हटलं की आठवडाभर आधी फलाटाच्या कडेचे दगड चुन्यानं रंगायचे, दिव्याच्या काचा राखेनं घासल्या जायच्या, आम्हा पोरांना चड्ड्या धुतलेल्या मिळायच्या. ताईनं हात मागं बांधले आणि त्या साहेबांच्या चालीनं फलाट क्रमांक एकपासून निघाली.

पत्र्याच्या जाहिराती: पास. मोहरीची, साबणाची, शाईची, सगळ्या मुलाम्याच्या, कडांना थोड्या गंजलेल्या. "नवीन करून लावल्या असत्या तर कळलं असतं." लाकडी छपराची झालर: पास. फलाटाखालून जाणारा भुयारी मार्ग: स्वच्छ, पण जरा ओल. सामानाच्या हातगाडीवर रचून ठेवलेल्या चामड्याच्या बॅगा नि दुधाचे कॅन: इथं ती थबकली. "एवढं सामान आणि एक होल्डॉल नाही? फिरकीचा तांब्या नाही?" तिला म्हटलं, अगं, हे इंग्लंड आहे. "इंग्रज होल्डॉल घेऊनच आला होता आपल्याकडे," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तांबड्या बादल्या. भिंतीवर ओळीनं टांगलेल्या, पांढऱ्या अक्षरांत 'फायर' लिहिलेल्या, अगदी आपल्या होत्या तशा. ताईनं टाचा उंचावून एकीत डोकावून पाहिलं. दुसरीत पाहिलं. तिसरीत पाहिलं.

"रिकाम्या आहेत रे."

आमच्या स्टेशनवर त्या बादल्यांत वाळू भरून ठेवायचं काम तिचं होतं, पगार आठवड्याला एक पेपरमिंट. आता पितळी मुठी पुसणारा एक विशीतला मुलगा तिथं होता. ताईनं त्याला बोलावलं आणि आपल्या इंग्रजीत, म्हणजे क्रियापद शेवटी ठेवून, समजावलं की बादली रिकामी असेल तर ती भिंतीवर टांगून उपयोग नाही. मुलगा आधी हसला, मग ती हसत नाही हे बघून गंभीर झाला आणि खिशातून वही काढून लिहून घेतलं. मला मनातून लाज वाटत होती. पण त्याला वाटत नव्हती, हेही खरं.

प्रतीक्षालयात शेगडी पेटलेली होती, खरा कोळसा. बाहेर पाऊस, आत ऊब, लाकडी बाक, भिंतीवर संथ टिकटिकणारं घड्याळ. आम्ही तिथं बसून दशम्या काढल्या. समोरच्या बाकावरच्या आजी कौतुकानं बघत होत्या. अशा वेळी प्रवासवर्णनात लेखक दशमी पुढे करतो आणि परदेशी माणूस बोटं चाटतो. ताईनं डबा मांडीवर जवळ ओढून घेतला, कारण दोनच उरल्या होत्या.

खाण्याचं सांगायचं तर स्टेशनच्या उपाहारगृहात शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. अंड्याचं किंवा चीजचं सँडविच, जाम आणि घट्ट साय लावलेला स्कोन, केक. स्कोन गरम असताना खा. चहाच्या वाटेला मात्र मोठी आशा ठेवून जाऊ नका. पिशवी, गरम पाणी आणि वरून गार दूध. ताईनं दोन घोट घेऊन कप परत केला आणि रिकाम्या बादल्यांच्या यादीत चहाही घातला.

दुपारी पाऊस उघडला आणि आम्ही फलाटाच्या दक्षिण टोकाला, सिग्नलच्या केबिनकडे जाऊन उभे राहिलो. लाइन एकेरी असल्यानं ड्रायव्हरला पुढच्या टप्प्याचं टोकन हातात मिळाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. एका टप्प्यात एकच टोकन बाहेर, म्हणजे समोरासमोर दोन गाड्या येणंच शक्य नाही. साधीशी युक्ती. सत्तरीतले एक सिग्नलवाले मोठ्या कडीला अडकवलेलं टोकन घेऊन आले, इंजिनात दिलं, मागच्या टप्प्याचं परत घेतलं. गाडी गेली. ताई पुढं झाली.

"आमच्याकडे गोळा असायचा," तिनं सांगितलं.

त्यांना कळेना. मग मी दुभाषा झालो. आपल्याकडे नील्सच्या लाल यंत्रातून टोकन म्हणून लोखंडी गोळा निघायचा, त्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. न थांबणारी गाडी असली की पॉइंटवाला फलाटावर रिंग उंच धरून उभा राहायचा आणि इंजिनातला फायरमन दंड वाकवून धावत्या गाडीतून ती उचलायचा. त्याच क्षणी हातातली जुनी रिंग खाली फेकायचा. ती कुठं पडेल याचा नेम नाही. रात्री कंदील घेऊन बाभळीत रिंग शोधायला पॉइंटवाल्याबरोबर आम्हीही गेलोय.

"किती वेगात?" सिग्नलवाल्यांनी विचारलं.

ताईनं आकड्यांच्या भानगडीत न पडता त्यांच्या हातातली कडी मागून घेतली. पाय फाकवून, तोंड बाजूला वळवून, कडी उजव्या हातानं डोक्याच्या वर धरून उभी राहिली. वय एकाहत्तर, अंगावर शाल आणि रेनकोट. मग मला म्हणाली, "चल, गाडी हो."

मी फलाटावरून दुडक्या चालीनं आलो, दंड कडीत घातला आणि पुढं गेलो. कोपराला सणकन लागलं. फायरमन लोकांचे दंड काळेनिळे का असायचे ते पन्नास-पंचावन्न वर्षांनी समजलं. पलीकडच्या फलाटावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सिग्नलवाल्यांनी कडी ताबडतोब परत घेतली, हे नमूद केलं पाहिजे. टोकन म्हणजे खेळणं नव्हे, हे दोन्ही देशांत सारखंच.

त्यानंतर ते आमच्याशी तासभर बोलले. लाइन कशी वाचली ही खरी ऐकण्यासारखी गोष्ट आहे. 1955च्या मे महिन्यात ब्रिटिश रेल्वेनं तोटा दाखवून ती बंद केली. जवळच्या चेलीमध्ये मिस बेसेमर नावाच्या एक बाई राहत. पोलादाच्या पद्धतीमुळे प्रसिद्ध असलेल्या हेन्री बेसेमरांची ही नात. त्यांनी जुने कायदे उपसले आणि त्यात कलम सापडलं की या लाइनवर रोज चार गाड्या चालवणं बंधनकारक आहे, आणि ते रद्द करायचा अधिकार फक्त संसदेला. झालं! 1956च्या ऑगस्टमध्ये रेल्वेला गाड्या परत सुरू कराव्या लागल्या. पण कशा? कलमात जेवढं लिहिलंय तेवढंच. किंग्जकोट आणि बारकम या स्टेशनांची नावं कायद्यात नव्हती, म्हणून गाडी तिथून न थांबता पुढं जायची. लोक त्याला 'रुसलेली सेवा' म्हणत. संसदेनं कलम काढून टाकल्यावर 1958च्या मार्चमध्ये लाइन पुन्हा बंद झाली, पण या तीन वर्षांच्या भांडणात रूळ उखडायचे राहून गेले. 1959च्या मार्चमध्ये काही विद्यार्थ्यांच्या पुढाकारानं हेवर्ड्स हीथला सभा भरली आणि 7 ऑगस्ट 1960 रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. स्टँडर्ड गेजवर, म्हणजे तिकडच्या नेहमीच्या रुंदीच्या रुळांवर, वाफेच्या प्रवासी गाड्या अशा रीतीनं जपून चालवणारी ही जगातली पहिली रेल्वे.

त्या सभेचे अध्यक्ष होते बर्नार्ड होल्डन. याच लाइनवरच्या बारकम स्टेशनच्या क्वार्टरमध्ये 1908 साली जन्मलेले, स्टेशन मास्तरांचे चिरंजीव. 104 वर्षं जगले. हे ऐकल्यावर ताईनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की आयुष्यभर विमा कंपनीत मी काय केलं याचा हिशेब मागत असावी.

रविवार

सकाळी गावातलं सेंट जाइल्स चर्च. प्रार्थना सुरू व्हायच्या आत आवारात फिरून आलो. निळी ब्लूबेल फुलं मात्र इथं नव्हे, रुळालगतच्या रानात बघायची. गाडीतून दोन्ही बाजूंना निळा धूर पसरल्यासारखी दिसतात. एप्रिलअखेर ते मेचा मध्य हाच काय तो हंगाम.

चर्चच्या आवारात माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांची कबर आहे. त्यांचं घर, बर्च ग्रोव्ह, इथं जवळच होतं. गंमत बघा, मॅकमिलन एके काळी ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे संचालक. आणि ते पंतप्रधान असतानाच 1963 साली ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला, ज्यात 2,363 स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती. त्या अहवालाच्या तीन वर्षं आधीच त्यांच्या घराशेजारी पोरासोरांनी एक बंद लाइन परत सुरू केली होती. आजही ब्लूबेलकडे 1898 सालचं एक इंजिन आहे. त्याचं नाव बर्च ग्रोव्ह.

दुपारी गाडीनं शेफील्ड पार्कला, म्हणजे लाइनच्या दुसऱ्या टोकाला. हे स्टेशन व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, संग्रहालय आणि इंजिनांची शेडही इथंच. 1872 सालचं फेनचर्च आणि 1875 सालचं स्टेपनी अशी दोन बुटकी इंजिनं या रेल्वेची लाडकी. लहान मुलं बरोबर असतील तर पूर्ण दिवस इथंच घालवा. सबंध दिवस कितीही वेळा चढा-उतरा असं तिकीट असतं, तेच घ्या. पण त्याआधी वेळापत्रक बघा, कारण गाड्या रोज नसतात आणि हंगामाप्रमाणे बदलतात.

स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटांवर शेफील्ड पार्कची बाग आहे. तळी, तळ्यांत उलटी पडलेली झाडं, ऱ्होडोडेन्ड्रॉन. बाग छानच आहे, पण मला तिथं क्रिकेटच्या मैदानापाशी रेंगाळायचं होतं. इथल्या लॉर्ड शेफील्डनी 1891-92च्या दौऱ्यावर इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाला नेला आणि तिथल्या क्रिकेटसाठी दीडशे पौंड दिले. त्यातून झाली ती शेफील्ड शिल्ड, ऑस्ट्रेलियातल्या राज्यांमधली क्रिकेट स्पर्धा. लहानपणी रेडिओवर ऐकलेलं हे नाव कारखान्याच्या शेफील्ड शहराचं असेल असं मी साठ वर्षं धरून चाललो होतो. ताईला यात काडीचा रस नव्हता. ती बाकावर बसून पायमोजे वाळवत होती.

रविवारी परतणार असाल तर मुख्य लाइनवर दुरुस्तीचं काम नाही ना, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. आमच्या वेळी होतं. ईस्ट ग्रिन्स्टेडहून पुढं बस मिळाली, तीही पाऊण तासानं, आणि क्रॉयडनला पोहोचेपर्यंत भाचीचे अकरा फोन येऊन गेले.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. शेफील्ड पार्कहून परत येताना गाडी हॉर्स्टेड केन्सला थांबली. समोरून येणारी गाडी यायची होती. मी खिडकीतून उतरत्या उन्हात चमकणाऱ्या मुठी बघत होतो. तेवढ्यात तो पितळ पुसणारा मुलगा धावत आमच्या डब्यापाशी आला, ताईला बघून हात हलवला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

ताईनं काच खाली केली, हात बाहेर काढून मूठ फिरवली आणि खाली उतरली. "गाडी सुटेल," मी ओरडलो. तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. बादल्यांपाशी जाऊन टाचा उंचावल्या, पहिलीत हात घालून वाळू चिमटीत घेतली, बोटांवर चोळून पाहिली. मग दुसरी, मग तिसरी. मुलगा शेजारी ताठ उभा.

गार्डानं हिरवा झेंडा उलगडेपर्यंत ती डब्यात येऊन बसली होती. हात झटकत म्हणाली, "तिसरी पाऊणच आहे."